बाकापर्यंत पोचणारा राउटर

श्रीकांत टेंब्यांच्या घरी पाहुण्याला पाणी लगेच मिळायचं, चहा दहा मिनिटांत मिळायचा, वाय-फाय मात्र रविवारी मिळायचं. पाहुणा सोमवारी आला आणि शनिवारी गेला, तर त्यानं वाय-फायविना दिवस काढायचे. याला टेंबे शिस्त म्हणत. त्यांची बायको अलका याला काय म्हणायची ते ती पाहुण्यांदेखतच सांगायची, चहाचा कप पुढे करता करता: "जित्याची खोड आहे. चालू द्या."

टेंबे मूळचे मिरजेचे. चाळीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात चिकटले आणि चाचणी विभागातून निवृत्त झाले. त्या कारखान्याच्या फाटकावर एक दणकट रजिस्टर असे. त्यात नाव नसेल तर खुद्द मोठ्या साहेबांचा मेहुणाही बाहेर उभा राही, आणि नवे पास फक्त सोमवारी निघत. टेंब्यांनी कारखाना सोडला, पण रजिस्टर घेऊन आले. म्हणजे तसलंच एक नवं विकत घेतलं. वाय-फायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा बारा खुणांचा नंबर असतो, गाडीला चासी नंबर असतो तसा. तो नंबर आधी रजिस्टरात पेन्सिलीनं उतरवायचा. रविवारी आंघोळ झाली की त्यावर शाई फिरवायची, मालकाची सही घ्यायची आणि मगच तो राउटरच्या यादीत भरायचा. यादीत नंबर नसला की पासवर्ड ठाऊक असूनही राउटर दारातूनच परत पाठवी. शेजारी चाळीस पोरापोरींचं पीजी होतं, त्यामुळे एवढा बंदोबस्त हवाच, असं टेंब्यांचं म्हणणं. अनुक्रमांक दोनवर अलकाची सही होती. तीही एका रविवारीच झालेली.

खरं तर त्या घरात वाय-फायवाचून पान हलत नसे. टेंब्यांनी बनशंकरीत घर बांधलं तेव्हा मागे मोकळं आभाळ होतं. आता तिथे चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली होती आणि तिच्या आडोशानं मोबाईलची रेंज गल्लीतून पार गेली होती. फोन करायचा तर वाय-फायवरून, नाहीतर गच्चीवर जाऊन. गेटबाहेर करंजाच्या झाडाखाली ग्रॅनाइटचा बाक होता, बांधकामातून उरलेल्या फरशीचा. अलका संध्याकाळी तिथे बसून भाजीवालीशी आपल्या मोडक्या कन्नडात तासभर बोलायची.

त्याच बाकावर ती गेली. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. मंगळवारी दुपारी राहुकाळात बनशंकरीच्या देवळात बायका लिंबाच्या सालीचे दिवे लावतात. अलकानं नऊ मंगळवार बोलले होते, टेंब्यांच्या रक्तदाबासाठी, आणि तो सातवा होता. दिवे लावून ती रिक्षानं परत आली, बाकावर टेकली, आणि पुढे काही नाही. पीजीत राहणाऱ्या हर्षिता नावाच्या मुलीनं तिला पाहिलं आणि धावत वर येऊन टेंब्यांना सांगितलं.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "झटक्यात गेल्या. त्यांना कळलंही नसेल."

या वाक्यावर टेंबे जगत होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हे वाक्य सांगत, आणि निरोप देताना पुन्हा सांगत. ती झटक्यात गेली. तिला कळलं नाही. तिनं कुणाला हाक मारली नाही, त्यामुळे आपण ती ऐकली नाही असंही झालं नाही. रात्री कूस बदलताना ते वाक्य हाताशी असे, म्हणून झोप लागे. ते काढून घेतलं असतं तर या माणसाचं काय झालं असतं, कोण जाणे.

जानेवारीच्या अखेरीस राउटर आजारी पडला. चांगला चालता चालता दुपारी मध्येच लाल दिवा दाखवी, वीसेक मिनिटं मान टाकी आणि आपला आपण शुद्धीवर येई. टेंब्यांनी उन्हाला दोष दिला, मग विजेला दिला. त्यांची मुलगी केतकी हेब्बाळला राहायची आणि तिथल्याच एका कंपनीत नोकरी करायची. ती फोनवर म्हणाली, "बाबा, मी आत्ता ऑर्डर करते. तीन पीसवाली सिस्टीम येते, हॉल, बेडरूम, गच्ची, सगळं कव्हर. उद्या डिलिव्हरी."

"गरज काय आहे ते आधी ठरवायला हवं."

"बाबा, इट्स जस्ट अ राउटर!"

"म्हणूनच," टेंबे म्हणाले.

ते नागोजीरावांच्या दुकानात गेले. बसस्टँडच्या मागे वायरींनी आणि डब्यांनी कोंबलेला तो एक गाळा होता. आपले पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगळुरात आले आणि मग परत जायचं विसरले, असं नागोजीराव प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. त्यांच्या मराठीला कन्नडचा तडका होता आणि टेंब्यांना ती ऐकायला आवडे.

"या अण्णा, बसा की. अक्का गेल्यापासून दिसलाच नाहीत." नागोजीरावांनी स्टूल पुढे सरकवलं. टेंब्यांनी कागद काढला. त्यावर नऊ प्रश्न लिहिले होते. नागोजीरावांनी तीन ऐकले आणि हात जोडले. "राउटर घ्यायचाय अण्णा, जावई नाही. एवढी चौकशी आम्ही पोरीच्या लग्नातबी केली नाही."

"पण निवड कशावरून करायची?"

"दोनच गोष्टी बघायच्या. कितीजण येतात आणि कुठपर्यंत पोचायला पाहिजे. जुना का मान टाकतोय ते स्वल्प बघा आधी. आत त्याची डायरी असते. कोण आलं, कोण येऊ बघत होतं, सगळं लिहितंय ते. कुणी बाहेरचा दार ठोठावत असला तर त्यानंबी मशीन दमतं."

डायरी होतीच. टेंब्यांनीच दोन वर्षांपूर्वी राउटरला एक पेनड्राइव्ह लावून ठेवला होता, सगळी नोंद त्यात साठावी म्हणून. नोंद ठेवायची हा त्यांचा धर्म. ती वाचायची वेळ कधी आली नव्हती.

रविवारी दुपारी ते लॅपटॉप घेऊन बसले. हजारो ओळी होत्या, पण नाकारलेल्यांच्या ओळी वेगळ्या काढायला पाच मिनिटं लागली. मग टेंब्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

एकच नंबर होता. तो दर मंगळवारी येत होता. चार वाजून अठरा मिनिटांनी पहिल्यांदा, चार एकेचाळीसला शेवटचा, आणि मध्ये पंधरा वेळा. दर मंगळवारी बरोबर सतरा प्रयत्न. प्रत्येक ओळीच्या शेवटी राउटरचा तोच शेरा होता: नाकारले. राउटर मान टाकत होता तेही मंगळवारीच, याच वेळात. त्यांनी स्वतः रजिस्टरात बिघाडाच्या तारखा लिहिल्या होत्या आणि वार मात्र पाहिला नव्हता.

"पीजीतला कुणीतरी आहे," टेंबे मोठ्यानं म्हणाले. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

चोर कुठे बसतो हे काढणं त्यांच्या हातचा मळ होता. प्रत्येक ओळीत सिग्नलची ताकदही लिहिलेली होती. हा आकडा उणेमध्ये असतो. उणे तीस म्हणजे राउटरच्या अगदी कुशीत, उणे नव्वद म्हणजे जवळजवळ काहीच नाही. नाकारलेल्या प्रत्येक ओळीत आकडा एकच होता, उणे अठ्ठ्याहत्तर. टेंब्यांनी आलेख कागदावर घराचा नकाशा काढला आणि स्वतःचा फोन हातात धरून कोपरान् कोपरा मोजला. स्वयंपाकघरात उणे बावन्न. झोपायच्या खोलीत उणे एकसष्ट. जिन्यात सहासष्ट, गेटपाशी त्र्याहत्तर. पीजीच्या भिंतीला चिकटून उभं राहिलं तर शहाऐंशी. म्हणजे पीजी नव्हे. मग ते गेटबाहेर गेले आणि बाकावर बसले. फोनवरचा आकडा थोडा वरखाली झाला आणि थांबला.

उणे अठ्ठ्याहत्तर.

त्यांना तिथे बसवेना. तीन महिन्यांत ते त्या बाकावर बसलेच नव्हते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

मंगळवारी पावणेचारला टेंबे खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. मांडीवर लॅपटॉप, समोर खाली बाक. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता, पीं पीं करत. बाकावर करंजाची चार पिवळी पानं पडली होती. चोर आला की वरूनच त्याला झापायचा, यासाठी कन्नडमधली दोन कडक वाक्यं टेंब्यांनी घोकून ठेवली होती.

चार सतराला बाक रिकामा होता. चार अठराला पडद्यावर नवी ओळ उमटली. उणे अठ्ठ्याहत्तर. नाकारले.

टेंब्यांनी खाली पाहिलं. चार पानं जागच्या जागी होती. आणखी एक ओळ आली, मग आणखी एक. बाकावर कुणी नव्हतं, झाडामागे कुणी नव्हतं, गेटपाशी कुणी नव्हतं, आणि तिथूनच कुणीतरी आत येऊ द्या म्हणत होतं, थोडं थांबून पुन्हा म्हणत होतं. खाली जाऊन बघायला हवं होतं. वीस पायऱ्या तर होत्या. पण ते गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच घराच्या गेटची भीती वाटली. चार एकेचाळीसला सतरावी ओळ आली आणि मग सगळं थांबलं.

राउटरचा दिवा पुन्हा हिरवा झाल्यावर त्यांनी तो बारा खुणांचा नंबर एका चिठ्ठीवर उतरवला आणि रजिस्टर उघडलं. नंबर बाहेरच्याचा असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ताळा करायचा म्हणून पहिल्या पानापासून बोट फिरवत गेले. अठरा नोंदी शाईतल्या होत्या. त्यात तो नव्हता. शेवटच्या पानावर एकोणिसावी ओळ होती, पेन्सिलीतली, त्यांच्याच अक्षरातली. 'अलका, नवा फोन. १० नोव्हेंबर, सोमवार.' पुढे नंबर होता. चिठ्ठीतला आणि तो एकच होता.

जुन्या फोनची काच फुटली म्हणून त्या सोमवारी तिनं नवा घेतला होता. घरी आल्याआल्या ती म्हणाली होती, "आत्ताच घाला ना नंबर. पाच मिनिटांचं काम."

"रविवारी."

"म्हणजे आठवडाभर मी फोन करायला गच्चीवर जाऊ?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"बरं बाई, तुमचा रविवार." आणि ती हसली होती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं टेंब्यांना आता वाटलं.

कपाटाच्या खालच्या खणात दवाखान्यातून आणलेली प्लास्टिकची पिशवी होती. तिला कुणी हात लावला नव्हता. बांगड्या, चष्मा, आणि तो फोन. बाकावरून खाली पडून त्याचा कोपरा चेपला होता आणि तेव्हाच तो बंद झाला होता. टेंब्यांनी बटण दाबून धरलं. काही नाही. तीन महिने बंद असलेला, चार्जिंगचा टिपूसही नसलेला फोन बंद कपाटात पडून होता, आणि तासापूर्वी तोच बाकावरून सतरा वेळा दार वाजवत होता. चाचणी विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं उत्तर सापडेना. त्यांनी फार शोधलंही नाही, कारण तोवर त्यांना दुसरी गोष्ट सुचली होती आणि ती या सगळ्यापेक्षा भयंकर होती.

त्यांनी पेनड्राइव्हवरच्या, त्या नंबराच्या सगळ्यात जुन्या ओळी काढल्या. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. चार अठरा. चार एकोणीस. पुन्हा चार एकोणीस. चार एकवीस.

त्या दिवशी फोन चालू होता. तिच्या हातात होता. आणि ती तेवीस मिनिटं प्रयत्न करत होती.

त्या तेवीस मिनिटांत आपण काय करत होतो हे टेंब्यांना पक्कं आठवत होतं. गल्लीतल्या रहिवासी संघाची ऑनलाइन सभा चालू होती आणि ओल्या-सुक्या कचऱ्यावर ते बोलत होते, मुद्दा क्रमांक तीन. कानाला हेडफोन होते आणि टँकरचा आवाज नको म्हणून खिडकी लावलेली. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलंही होतं, "आवाज नीट येत होता ना?" आणि सगळे म्हणाले होते, "एकदम क्लिअर, सर."

केतकीला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला. आडवळणं घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "आई झटक्यात गेली ना?"

फोन मध्येच तुटू नये म्हणून टेंब्यांनी राउटरच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवा होता.

"बाबा, कशाला आता?"

"सांग."

"हर्षिता म्हणाली होती मला," केतकी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "ती कॉलेजातून आली तेव्हा आई बाकावर होती. फोन कानाला लावायची, परत समोर धरून बघायची. हर्षिताला वाटलं, कुणाशी तरी बोलतायत आंटी. ती हसून पुढे गेली. वीस मिनिटांनी तिनं गॅलरीतून पाहिलं तर आई एका बाजूला कललेली होती."

"तू मला बोलली नाहीस."

"काय बोलू? तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात, झटक्यात गेली, झटक्यात गेली. मी कुठल्या तोंडानं..." आणि ती रडायला लागली. टेंब्यांनी तिला रडू दिलं. ते स्वतः रडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नागोजीरावांच्या गाळ्यात उभे होते. या वेळी हातात कागद नव्हता.

"किती रूम कव्हर पाहिजेत अण्णा?"

"रूमचं काही नाही. गेटबाहेर एक बाक आहे. तिथपर्यंत पोचला पाहिजे. पक्का."

नागोजीराव काहीतरी थट्टा करणार होते, पण टेंब्यांचा चेहरा पाहून थांबले. अक्का कुठे गेल्या हे बनशंकरीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते आत गेले आणि तीन डबे घेऊन आले. "सरी, ठीक आहे. हे तिन्ही घेऊन जा. लावून बघा. जो पोचेल तो ठेवा, बाकीचे आणून द्या. आणि अण्णा, ते तुमचं रजिस्टर..." ते अडखळले. "अक्का एकदा सांगत होत्या. हसून हसून पुरेवाट झाली होती आमची."

चार दिवस टेंबे राउटर निवडत होते. एकेक राउटर खिडकीत मांडायचा, खाली जायचं, बाकावर बसायचं आणि आकडा बघायचा. पहिला दिसायला देखणा, महागडा; घरभर पूर आणायचा आणि गेटपाशी आटायचा. दुसऱ्याला आठ शिंगं होती, तो बाकावर एकोणसत्तर दाखवायचा आणि मध्येच अठ्ठ्याऐंशीवर घसरायचा. तिसरा अगदी साधा, काळा, दोनच अँटेना. पण त्या वळवून खिडकीबाहेर रोखल्या की बाकावर उणे अठ्ठावन्न यायचं, आणि तासभर बसलं तरी हलायचं नाही. टेंबे तासभर बसले. भाजीवाली थांबली, तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि कोथिंबिरीची एक जुडी बाकावर ठेवून गेली.

रविवार आला. आंघोळ झाल्यावर टेंब्यांनी रजिस्टर काढलं आणि एकोणिसाव्या ओळीवर शाई फिरवली. अक्षर बिघडू दिलं नाही. सहीची जागा कोरी राहिली. तिच्याखाली त्यांनी लिहिलं, 'यापुढे नोंद नाही', आणि रजिस्टर माळ्यावर टाकलं. काळ्या राउटरला जुनंच नाव दिलं, जुनाच पासवर्ड दिला. नंबरांची यादी भरण्याचा रकाना आला तेव्हा तिथे 'सर्वांना परवानगी' या खुणेवर बोट ठेवलं. चाळीस पोरं आत आली तर येवोत.

अलकाचा फोन त्यांनी सोमवारी सकाळी चार्जिंगला लावला. दिवसभर त्यानं डोळा उघडला नाही. मंगळवारी दुपारी साडेतीनला पडदा उजळला.

टेंबे तो हातात धरून राउटरसमोर बसले. त्यांचा स्वतःचा फोन क्षणात जोडला गेला होता. तिचा मात्र 'जोडत आहे' एवढंच म्हणत राहिला. पासवर्ड बरोबर होता, यादी नव्हती, राउटर दोन हातांवर होता. पावणेचार झाले, चार झाले. टेंब्यांनी काही खटपट केली नाही. कशाची वाट बघायची ते आता त्यांना माहीत होतं. उठून जावंसं वाटत नव्हतं. दुपार इतकी निवांत होती की भिंतीवरच्या घड्याळाचा काटाही ऐकू येत होता.

चार अठराला तिचा फोन थरथरला आणि जोडला गेला.

लगेच त्यांच्या फोनवर टण्ण झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्या नावापुढे नवा निरोप आला होता, आवाजातला. त्या मंगळवारी फोन लागेना म्हणून तिनं तो बोलून ठेवला असणार, आणि वाट न मिळाल्यानं तो तीन महिने तिच्याच फोनमध्ये अडकून बसला असणार. याला तरी काही अर्थ होता. टेंब्यांनी अंगठा टेकवला.

"अहो," अलका म्हणाली. मागे टँकर पीं पीं करत होता. "मी खाली बाकावर बसलेय. जरा गरगरतंय. फोन लागेना तुम्हाला, ते तुमचं रविवारचं राहिलंय ना..." ती हसली, आणि हसताना तिला दम लागला. "तुमची मीटिंग चालू असेल. होऊ दे. घाई नाही. झाली की खाली या, म्हणजे हात धरून वर येईन."

निरोप संपला. टँकरचं पीं पीं संपलं नाही. ते आता उघड्या खिडकीतून येत होतं.

टेंबे रडत होते, आणि रडता रडताही सवयीनं त्यांची नजर लॅपटॉपकडे गेली. जोडलेल्यांच्या यादीत दोन नावं होती. त्यांचा फोन, उणे एकतीस. तिचा फोन त्यांच्या तळहातावर होता, राउटरपासून दोन हातांवर; त्याच्यापुढेही तीसच्या आसपासचा आकडा असायला हवा होता. तिथे उणे अठ्ठावन्न होतं. चार दिवस बाकावर बसून त्यांनी स्वतः मोजलेला आकडा, एकानंही कमीजास्त नाही.

त्यांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले. घाई नाही, असं ती म्हणाली होती. टेंबे चपलाही न घालता जिना उतरले. गेटची कडी काढताना बोटं चुकली, दुसऱ्यांदा निघाली. करंजाखाली बाक होता आणि बाकावर पानंच होती. ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, धापा टाकत.

"झाली मीटिंग," ते म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.